लाल बावटा आणि पूर्णेचे पाणी : परभणीने शेतकरी कामगार पक्षाला का निवडले?

१/
परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे गाव आज धरणामुळे ओळखले जाते. मात्र त्या धरणाचा पहिला दगड बसण्याच्याही आधी, १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, या जिल्ह्याने एक विलक्षण कौल दिला होता. देशभर काँग्रेसची लाट होती. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ जागा एकट्या काँग्रेसने जिंकल्या. त्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे अवघे दोन खासदार निवडून आले : सोलापूरहून शंकरराव मोरे आणि परभणीहून नारायणराव वाघमारे.

२/
मोरे यांचा विजय समजण्यासारखा आहे. ते पक्षाच्या संस्थापकांपैकी होते आणि पक्षाचा मूळ मुलूख पुणे-सातारा-सोलापूर हाच होता. परभणी मात्र निजामाच्या राजवटीतून बाहेर पडून साडेतीन वर्षेच झाली होती. या जिल्ह्यातील शेतकऱ्याने आयुष्यात प्रथमच प्रौढ मताधिकार बजावला आणि तो मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणाऱ्या काँग्रेसच्या विरोधात बजावला. हे का घडले, हे समजून घ्यायचे तर पक्ष काय म्हणत होता आणि तो कोणाशी बोलत होता, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

३/
पक्षाचा जन्म काँग्रेसच्याच घरातला. पुण्याचे केशवराव जेधे हे सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीतून आलेले नेते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून १९२० च्या दशकात जो खटला गाजला, त्यात जेधे आणि दिनकरराव जवळकर हे आरोपी होते आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. पुढे जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि बहुजन शेतकऱ्यालाही त्यांनी आपल्यामागे काँग्रेसमध्ये नेले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत काँग्रेस पोचली, त्यात जेध्यांचा वाटा फार मोठा आहे. आज तो वाटा फारसा कोणी सांगत नाही.

४/
स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले तेव्हा याच नेत्यांना एक प्रश्न सतावू लागला. परकीय सरकार जाईल. पण सावकार, सक्तीची धान्यवसुली आणि शेतमालाचा पडता भाव यांचे काय? १९४७ मध्ये जेधे, मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेसच्या अंतर्गतच शेतकरी कामगार संघ स्थापन केला. १९४८ मध्ये काँग्रेसने आपल्या घटनेत पक्षांतर्गत पक्षांना मज्जाव केला. संघापुढे दोनच वाटा उरल्या : विसर्जन किंवा बाहेर पडणे. ते बाहेर पडले आणि शेतकरी कामगार पक्ष स्वतंत्रपणे उभा राहिला. लोकांच्या तोंडी त्याचे नाव झाले 'शेकाप', आणि कार्यकर्त्यांना संबोधन मिळाले 'भाई'. उद्धवराव पाटील असोत वा केशवराव धोंडगे, मराठवाड्यात त्यांची नावे 'भाई' लावल्याखेरीज उच्चारलीच जात नसत.

५/
१९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या दाभाडी येथे पक्षाचे अधिवेशन झाले. तेथे संमत झालेला 'दाभाडी प्रबंध' हा पक्षाचा वैचारिक पाया मानला जातो. मार्क्सवादाचा उघड स्वीकार, भांडवलदार व जमीनदार यांच्या सत्तेला विरोध आणि कष्टकऱ्यांचे राज्य हे त्याचे सूत्र. भारतातील डाव्या पक्षांपैकी बहुतेकांचे नेतृत्व शहरी आणि सुशिक्षित होते. शेकापची गोष्ट वेगळी. येथे मार्क्स आला तो फुल्यांच्या वाटेने, आणि तो नांगरधाऱ्याच्या बोलीत बोलू लागला. पक्षाची खरी ताकद यात होती. त्याची अडचणही यातूनच पुढे निर्माण झाली.

६/
आता परभणी. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात सामील झाले, तेव्हा मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर ओझ्यांचा ढीग होता. जहागिरी होत्या, निजामाच्या खाजगी मालकीचा सर्फ-ए-खास मुलूख होता, आणि जेथे सरकारी रयतवारी होती तेथेही देशमुख, वतनदार व सावकार यांची पकड होती. वेठबिगार होती. दुसऱ्या महायुद्धापासून धान्याची लेव्ही लागू झाली होती. लेव्ही म्हणजे पिकाचा ठरावीक हिस्सा सरकारी भावाने सरकारला देणे. कागदावर ती सर्वांना सारखी दिसते. पण ज्याच्याकडे पंचवीस पोती उरतात त्याने पाच देणे निराळे आणि ज्याच्याकडे वर्षाला पुरेल एवढेच धान्य आहे त्याच्या कणगीतून दोन पोती उचलणे निराळे.

७/
१९४९ मध्ये जहागिरी बरखास्त झाल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. त्याने 'संरक्षित कूळ' ही संकल्पना आणली आणि कसणाऱ्याला जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. देशातील पुरोगामी कूळकायद्यांत त्याची गणना होते, आणि ती योग्यच आहे. पण कायदा मुंबई-हैदराबादच्या सचिवालयांत जसा वाचला जातो तसा तो गावच्या चावडीवर वाचला जात नाही. कुळाने 'स्वखुशीने' जमीन सोडल्याचे कागद होऊ लागले. अर्थतज्ज्ञ अली मोहम्मद खुस्रो यांनी हैदराबादच्या जमीनसुधारणांचा अभ्यास केला, तेव्हा या स्वखुशीतली सक्ती त्यांनीही नोंदवली. खंडाने वा बटईने जमीन कसणारा माणूस ज्याच्या वाड्यावरून बियाणे उसने आणतो, त्याच्याविरुद्ध तो तहसीलदारापुढे उभा राहणार तरी कसा?

८/
शेकापने नेमका हाच माणूस हेरला. पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे होते. राज्य बदलले, पण गावातील सत्ता बदलली नाही. कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळालीच पाहिजे. लेव्ही लहान शेतकऱ्यावरून उठवून मोठ्यावर बसवली पाहिजे. शेतमालाचा भाव उत्पादनखर्चाला धरून ठरला पाहिजे. मराठी भाषिकांचे एक राज्य झाले पाहिजे. आणि या मागण्यांसाठी शेतकऱ्याने दुसऱ्या कोणाच्या पक्षात दुय्यम जागा न घेता स्वतःचा पक्ष बांधला पाहिजे.

९/
शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होता. काँग्रेसही जमीनसुधारणांची भाषा बोलत होती. कायदे तिनेच केले होते. समाजवादीही बोलत होते. मग शेकापलाच मत का द्यावे? पक्षाचे उत्तर असे की, ज्या पक्षात जमीनदार आणि कूळ दोघेही एकाच सतरंजीवर बसतात, तेथे निर्णयाच्या क्षणी जमीनदाराचेच ऐकले जाते. हा युक्तिवाद १९५२ च्या परभणीत पटण्याजोगा होता, कारण मुक्तिसंग्रामानंतर गावोगावचे पुढारलेले घराणे भराभर काँग्रेसमध्ये येत असलेले लोकांना डोळ्यांसमोर दिसत होते.

१०/
त्याच निवडणुकीत हैदराबादच्या विधानसभेत शेकापचे दहा आमदार गेले. परभणीचे अण्णाजीराव गव्हाणे आणि उस्मानाबादचे उद्धवराव पाटील हे त्यांतले ठळक. मुख्यमंत्री होते बुर्गुल रामकृष्ण राव. विरोधी बाकांवर सर्वांत मोठा गट होता तेलंगणातील कम्युनिस्टांच्या पुढाकाराने बनलेल्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचा, आणि गंमत अशी की त्याचे नेते व्ही. डी. देशपांडे हे मराठी होते. मराठवाड्यातील शेकाप आणि तेलंगणातील कम्युनिस्ट कूळकायद्याच्या प्रश्नावर पुष्कळदा एकाच सुरात बोलत. फरक असा की तेलंगणात शेतकऱ्यांनी बंदूक उचलली होती. मराठवाड्यातील शेकापने मोर्चा, सभा आणि सभागृह हीच साधने मानली.

११/
१९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि याच सुमारास पूर्णा प्रकल्पाची जुळवाजुळव झाली. येथे एक खुलासा. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन प्रमुख नद्या आहेत. विदर्भातून वाहणारी एक तापीला मिळते. येलदरीची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली अशी वाहते आणि परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळते. (१९९९ पर्यंत हिंगोली हाही परभणी जिल्ह्याचाच भाग होता, म्हणून जुन्या कागदांत पूर्णा प्रकल्प संपूर्णपणे परभणीचा दिसतो.)

१२/
प्रकल्पाची रचना समजून घेण्यासारखी आहे. येलदरी हे साठवण धरण. त्याच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र असून तेथील तीन संचांची एकूण क्षमता २२.५ मेगावॅट आहे. वीज निर्माण करून सुटलेले पाणी नदीपात्रातून खाली सिद्धेश्वर धरणात येते आणि कालवे निघतात ते सिद्धेश्वरहून. म्हणजे पाणी साठते येलदरीला आणि ते शेतात पोचते वसमत, परभणी, नांदेडच्या बाजूला. जिंतूर आणि सेनगाव तालुक्यांतील ज्या शेतकऱ्यांनी जलाशयासाठी जमिनी दिल्या, त्यांच्या उरलेल्या शिवाराची पातळी कालव्याच्या वर. पाणी समोर दिसते, पण ते उताराने येत नाही; उपसावे लागते, आणि उपसायला पंप लागतो, वीज लागते, भांडवल लागते.

१३/
१९६८ मध्ये धरण पूर्ण झाले तेव्हा महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच अस्तित्वात नव्हता. तो आला १९७६ मध्ये. मोबदल्याची रक्कम हाती पडली की शासनाची जबाबदारी संपली, असा तो काळ. 'विकास कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या शेतासाठी?' हा शेकापचा प्रश्न येथे पुस्तकी उरत नाही. धरणाला विरोध करण्याचे कारण नव्हते. दुष्काळी मुलखाला पाणी हवेच होते, आणि पूर्णेच्या कालव्यांनी वसमत-परभणीच्या काळ्या जमिनीचे रूप पालटले हे कोणी नाकारू शकत नाही. भांडण वाटपाचे होते.

१४/
कायद्यातही ही वाटपाची गोष्ट दडलेली आहे. महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा १९६१ चा. १९७५ मध्ये मर्यादा खाली आणली गेली : कोरडवाहू जमीन कुटुंबामागे ५४ एकर, बारमाही बागायत १८ एकर. अर्थात कालव्याचे पाणी शिवारात आले की त्या शिवारातील मोठ्या खातेदाराची मर्यादा उतरायला हवी आणि अतिरिक्त जमीन भूमिहीनाकडे जायला हवी. मुलाबाळांच्या, नात्यागोत्याच्या नावांवर सातबारे फोडून या तरतुदीला राज्यभर वळसा घातला गेला. सभागृहात त्याविरुद्ध सातत्याने बोलणाऱ्यांत शेकापचे आमदार होते. १९६२ पासून १९७८ पर्यंत विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद याच पक्षाकडे राहिले : कृष्णराव धुळप, मग दि. बा. पाटील, मग गणपतराव देशमुख. १९७२ मध्ये केवळ सात आमदार असतानाही हे पद त्यांच्याकडे होते. त्या काळच्या विरोधी बाकांचे मोल आमदारांच्या संख्येवरून ठरत नसे, असे म्हणायला हरकत नाही.

१५/
मग असा पक्ष मतपेटीत मागे का पडत गेला? संस्थापकच आधी परतले. १९५४ च्या सुमारास जेधे पुन्हा काँग्रेसमध्ये गेले आणि मोरेही पक्षाबाहेर पडले. परंतु नेते गेल्याने पक्ष संपत नसतो. खरे कारण यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात आहे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, खरेदी-विक्री संघ उभे राहिले. कालव्याचे पाणी ज्याला मिळाले तो ऊस लावू लागला, ऊस लावला की कारखान्याचा सभासद झाला, आणि कारखान्याचा मार्ग काँग्रेसच्या दारावरून जात होता. शेकाप ज्या मध्यम शेतकऱ्याच्या बळावर उभा होता, तो शेतकरी या नव्या व्यवस्थेत भागीदार बनला. पक्ष त्याला संघर्ष देऊ शकत होता. काँग्रेस कर्ज, खत आणि उसाची नोंद देत होती. १९५७ ते १९७७ ही वीस वर्षे परभणीची लोकसभेची जागा काँग्रेसकडे राहिली, यात नवल नाही.

१६/
आणि तरी १९७७ मध्ये लाल बावटा परत आला. आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत शेकापचे पाच खासदार निवडून आले : परभणीतून शेषराव देशमुख, नांदेडहून केशवराव धोंडगे, लातूरहून उद्धवराव पाटील, कुलाब्यातून दि. बा. पाटील आणि कोल्हापुरातून दाजीबा देसाई. पाचांपैकी तीन मराठवाड्याचे. केवळ आणीबाणीविरोधी लाट म्हणून याची वासलात लावता येत नाही. लाट सर्वत्र होती, पण तिचा फायदा घ्यायला जागोजागी माणसे लागतात. धोंडग्यांनी कंधारला श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी केली होती, 'जय क्रांती' हे साप्ताहिक चालवले होते, गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली होती. संस्थेच्या नावातील 'मोफत' हा शब्द पुरेसा बोलका आहे.

१७/
पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, पक्षाचे तेरा आमदार आले. शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख मंत्री झाले. पण त्याच वर्षी पक्षाच्या विचारातील सर्वांत मोठी फट उघडी पडली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. शेतकरी आणि शेतमजूर हे एकाच वर्गाचे सोबती, ही पक्षाची मांडणी. गावात मात्र शेतकरी बहुधा मराठा होता, शेतमजूर बहुधा दलित, आणि त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ते समोरासमोर उभे ठाकले. जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात आपोआप विरघळेल, या समजुतीला बसलेला हा धक्का शेकाप मराठवाड्यात कधीच पचवू शकला नाही. सत्यशोधक परंपरेतून आलेल्या पक्षाकडून याहून अधिक अपेक्षा होती, हे स्पष्टपणे नोंदवायला हवे.

१८/
भावाचा प्रश्नही हातातून गेला. १९८० पासून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतमालाचा रास्त भाव हीच एकमेव मागणी करून रान उठवले. संघटनेचे दुसरे अधिवेशन फेब्रुवारी १९८४ मध्ये परभणीतच भरले. जोशींचा मार्ग शेकापच्या नेमका उलट होता. शेकापला सरकारने खरेदीत उतरायला हवे होते. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार योजना त्याच विचाराच्या जवळची. जोशींना सरकार बाजारातून बाहेर हवे होते. पण परभणीच्या कापूस उत्पादकाला तत्त्वापेक्षा आवाज महत्त्वाचा वाटला आणि तरुण पिढी बिल्ला लावून तिकडे गेली. १९८९ मध्ये शिवसेनेच्या बाजूने अशोकराव देशमुख परभणीतून लोकसभेत गेले, आणि त्यानंतर जिल्ह्याच्या राजकारणाची भाषाच बदलली.

१९/
या सगळ्यात पक्षाची बाजू सर्वांत ठामपणे सिद्ध झाली ती मराठवाड्याबाहेर. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन केले. जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून प्रकल्पग्रस्ताला साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे सूत्र आले. जमीन घेतली तर विकासातला वाटाही द्या, हे ते सूत्र. येलदरीच्या जलाशयात ज्यांची शेते गेली, त्यांच्या वेळी असे काही मागता येते हेही कोणाला ठाऊक नव्हते.

२०/
सांगोल्याहून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख २०२१ मध्ये गेले, एन. डी. पाटील २०२२ मध्ये, आणि वयाची शंभरी ओलांडलेले भाई केशवराव धोंडगे १ जानेवारी २०२३ रोजी. २०१९ च्या विधानसभेत पक्षाचा एकच आमदार होता आणि तो मराठवाड्यातून, नांदेड जिल्ह्यातील लोह्याहून आला होता. २०२४ मध्येही एकच, या वेळी सांगोल्याहून. येलदरीचे दरवाजे आजही चांगल्या पावसाळ्यात उघडतात, पाणी सिद्धेश्वरला जाते, कालव्याला लागते. आणि हंगाम आला की पाणीपाळीच्या बैठकीत कोणाला किती, हा वाद पुन्हा सुरू होतो.